दहावा स्विच

सोमवार, ८ मे १९७८

गेलॉर्डने आज नोटीस लावली. शनिवार, दहा जून, दुपारी अडीच. त्या मिनिटाला आपलं जुनं टेलिफोन एक्स्चेंज बंद आणि शेजारच्या खोलीतलं नवं सुरू. नवं म्हणजे फ्रिजएवढी चार कपाटं. आत हलणारं काही नाही, आवाज नाही, वास नाही. गेलॉर्ड आमचा मॅनेजर, अडतीस वर्षांचा, त्याला त्या कपाटांचं कोण कौतुक! "वर्लिन, याला तेल नको, ब्रश नको, काही नको." मी म्हटलं, "माणूस तरी हवा का?" तर नुसता हसला.

वर म्हणतो, तुझ्या आठवणी लिहून ठेव, कंपनीच्या पत्रकात छापू. म्हणून ही वही आणली. घ्या छापा: नाव वर्लिन स्टकी. वय सत्तावन्न. काम स्विचमन, एकोणतीस वर्षं, याच खोलीत. बायको आर्डिथ, फेब्रुवारी पंचाहत्तरमध्ये वारली. मूलबाळ नाही. घरी फोन नाही. शेवटच्या ओळीवर गेलॉर्ड हमखास चिडतो. टेलिफोनवाल्याच्या घरी टेलिफोन नाही, लोक काय म्हणतील! अरे, दिवसभर गावाचे फोन ऐकतो, घरी गेल्यावर तरी कानाला आराम नको?

गुरुवार, ११ मे

पत्रकासाठी थोडं नीट लिहितो.

आपल्या एक्स्चेंजमध्ये सगळं डोळ्यांना दिसतं. गावात कुणी रिसीव्हर उचलला की एक स्विच फिरून त्याची लाईन शोधून काढतो. मग तो माणूस एकेक आकडा फिरवेल तसा एकेक स्विच टक टक करत वर चढतो. शेवटचा स्विच आधी वर चढतो, मग उजवीकडे वळतो, आणि समोरच्याकडे घंटी वाजते. ज्याने फोन केला त्याने ठेवला की सगळे धाडकन खाली. ज्याला केला त्याने कितीही आपटला तरी नाही. करणाऱ्यानेच ठेवावा लागतो. मला आता बघावंही लागत नाही. पाठ करून सँडविच खात असलो तरी कानावरून सांगतो कुणी कोणता नंबर फिरवला ते.

एकेचाळीसशेच्या शंभर नंबरांसाठी शेवटचे स्विच दहा. पहिला मोकळा असेल तर कॉल पहिल्यावर, नसेल तर दुसऱ्यावर. दहाव्याची पाळी येतच नाही. एकदाच आली होती, पंचाहत्तरच्या बर्फाच्या वादळात, सगळं गाव एकदम फोनवर तुटून पडलं तेव्हा. त्यानंतर मी त्या दहाव्याचं झाकणसुद्धा उघडलेलं नाही. चालत नाही तो मळेल कशाला?

आणि काड्या. एखादा रिले, म्हणजे स्विचमधली उघडझाप करणारी कळ, तात्पुरता अडवायचा तर त्याच्या पट्ट्यांमध्ये दात कोरायची काडी खुपसायची. साधी, लाकडाची. तारेला झटका नाही, पट्टीला ओरखडा नाही. पण काडी घालून विसरलात तर कप्पाळ! रिले मेल्यासारखा पडून राहतो आणि वरून काही कळत नाही. म्हणून रजिस्टर आहे, दोन रकाने, 'घातली' आणि 'काढली'. गेलॉर्ड इथे हाताखाली होता तेव्हा त्याच्या विसरलेल्या सहा काड्या मी शोधून काढल्यात. अजून त्यावरून त्याला सळो की पळो करून सोडतो. माझ्या नावापुढे एकही ओळ उघडी नाही. हे मात्र छापाच.

माझ्या काड्यांची टोकं रंगवलेली असायची, चटकन दिसावीत म्हणून. आर्डिथ स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिच्या नेलपॉलिशमध्ये बुडवून द्यायची, एका वेळी मोजून पन्नास. त्या त्या वर्षी तिच्या बोटांना जो रंग, तो माझ्या काड्यांना. शेवटची खेप पोवळ्याच्या रंगाची. जाण्याआधीच्या नाताळात तिने तो रंग नवा आणला होता, आणि गेली त्याच आठवड्यात रविवारी बसून काड्या केल्या. बरणी खिडकीत आहे. त्या मी वापरत नाही. आता साध्या काड्यांना लाल चिकटपट्टी लावतो.

मंगळवार, १६ मे

आज एक चमत्कारिक प्रकार झाला.

दोन वीसला मी खिडकीशी कॉफी पीत होतो. मागे टक टक सुरू झालं. चार. एक. सात. तीन. एकेचाळीस त्र्याहत्तर म्हणजे माझ्याच टेबलावरचा फोन. तक्रारींचा. मी वळलो आणि वाजायची वाट बघितली. वाजला नाही.

जाऊन बघतो तर एकेचाळीसशेच्या रांगेत पहिले नऊ स्विच खाली, मोकळे, आणि दहावा वर चढून उभा. असं होऊच शकत नाही. हा स्विच मी स्वतः बसवलाय, एकोणपन्नास साली.

कुठेतरी तार चिकटली असणार. पाच पस्तीसला आपोआप पडला. कोट घालून घरी निघालो होतो, आवाज ऐकून मागे आलो.

बुधवार, १७ मे

पुन्हा. दोन वीस. चार, एक, सात, तीन. पाच पस्तीसला खाली.

शुक्रवार, १९ मे

पाचव्या दिवशीही झालं म्हणजे पोरखेळ नाही. (चौथ्या दिवशी. मोजायलासुद्धा चुकायला लागलो.)

आज दहावा उभा असताना मागे मागे चालत गेलो. कॉल कुठून आला हे काढायचं म्हणजे असंच, एका स्विचवरून त्याच्या मागच्या स्विचवर, शिडी सरकवत, बोटाने तार धरून. शेवटी लाईन शोधणाऱ्या स्विचपाशी पोचलो. तो सहाव्या ओळीत आठव्या जागेवर थांबलेला. मग तारांच्या चौकटीपाशी जाऊन सहा-आठ बघितली, तर तिथे तारच नाही. नुसता उघडा खिळा. ती लाईन कुणाकडेच जात नाही.

म्हणजे तार नसलेल्या लाईनवरून कुणीतरी मला फोन करतंय, आणि माझा फोन वाजत नाहीये.

गेलॉर्डला सांगितलं. तो म्हणाला, "मशीन म्हातारं झालंय वर्लिन. तीन आठवडे राहिलेत, सोड ना." मी म्हटलं, "मी चालू फॉल्ट टाकून जाणार नाही. माझी ओळ उघडी राहायची नाही." "मग सहा-आठ पूर्वी कुणाची होती ते कार्डात बघ की. हिरव्या ड्रॉवरमध्ये आहेत सगळी." ते मलाही ठाऊक आहे. सोमवारी बघीन.

सोमवार, २२ मे

कार्ड बघायचं राहिलं. दिवसभर नव्या खोलीत कारखान्याच्या माणसांना तारा दाखवत होतो.

दोन वीसनंतर मात्र हेडफोन घेऊन दहाव्याला चिमटे लावले. मुकी लाईन असती तर काहीच ऐकू आलं नसतं. ती मुकी नव्हती. खोली होती ती. खोलीचा आवाज कसा असतो ते मला कळतं, लोक रिसीव्हर बाजूला ठेवून आत जातात तेव्हा तो ऐकू येतो. बाहेर काहीतरी तडतडत होतं, फांदीवरून काच पडावी तसं. मग जवळ एक केटल शिट्टी मारायला लागली. कुणी उठून बंद करीना. मी उभाच राहिलो. वीस मिनिटांनी शिट्टी बारीक होत होत थांबली.

घरी येऊन कॉफीला पाणी ठेवलं. आमच्या केटलचं बूड जळकं आहे, त्यामुळे वेळ लागतो. नवी घ्यायला पाहिजे. तीन वर्षं नुसतं म्हणतोय.

गुरुवार, २५ मे

ओपलबाई टसिंग आल्या होत्या, घरी भाजलेली रुबार्बची गोड पाई घेऊन. चौऱ्याहत्तरीच्या आहेत. डायल यायच्या आधी गावाचे सगळे फोन त्या हाताने जोडत होत्या, सव्वीस वर्षं, याच इमारतीत. एकोणपन्नासमध्ये मी हे स्विच लावले आणि त्यांची नोकरी गेली. तेव्हापासून दर महिन्याला येऊन मला दोन टोमणे मारून जातात.

"काय रे, आता तुझ्या कपाटांची पाळी आली म्हणे? बघायला मी येणार हो. हॅट घालून येणार."

दोन वीसला दहावा चढला तेव्हा त्या पाई कापत होत्या. सुरी तशीच धरून उठल्या आणि त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"कोण आहे?"

"फॉल्ट आहे ओपलबाई. रोज होतो."

"फॉल्टला रोज वेळ कशी कळते?" मग म्हणाल्या, "हे यंत्र शोधून काढलं कुणी, माहितेय ना? प्रेतं पुरणाऱ्याने."

मी म्हटलं, माहितेय. धंद्यातली जुनीच गोष्ट आहे. गावची ऑपरेटर गिऱ्हाइकं त्याच्या स्पर्धकाकडे जोडून द्यायची असा त्याला संशय, म्हणून त्याने बाईच नको असं यंत्र काढलं.

"मग? मेलेल्यांची सोय बघणाऱ्या माणसाने काढलेलं यंत्र. त्यांनी वापरलं तर तुला नवल कशाचं वाटतं?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी बोर्डावर असताना दिवा लागला आणि कुणी बोललं नाही, तर मी विचारायचे, काय हवंय, बरं आहे ना? दोनदा मी डॉक्टर धाडलाय नुसत्या श्वासावरून. तुझं हे बघ. तीन तास माणूस उभा आहे आणि कुणी विचारत नाही."

"माणूस नाही तो, ओपलबाई. स्विच आहे."

पाई चांगली होती. साखर जरा जास्त.

सोमवार, २९ मे

मेमोरियल डेची, मेलेल्यांना फुलं वाहायची सुट्टी. सकाळी कॉफीच्या डब्यात पिओनीची फुलं घेऊन कबरस्तानात गेलो. सगळं गाव तिथे. वाऱ्याने डबे पडत होते, मी आर्डिथच्या डब्यात खडे घातले.

एमर्ट डॉक्टर भेटला. तो दर वर्षी तेच सांगतो, बिचारा. "वर्लिन, तिला काही कळलंसुद्धा नाही. एका क्षणात गेली." मी दर वर्षी आभार मानतो. त्या एका वाक्यावर मी तीन वर्षं झोपतोय.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही, इथे लिहितो. त्या दिवशी, बुधवारी, बारा फेब्रुवारीला, गावावर बर्फाचा थर बसला होता आणि तारा धडाधड तुटत होत्या. मी सकाळी सहापासून इथे होतो. घरी पोचलो साडेपाच वाजून गेल्यावर. ती स्वयंपाकघरात टेबलाजवळ जमिनीवर होती. रिसीव्हर भिंतीवरून वायरीला लोंबत होता. आणि मी काय केलं? आधी रिसीव्हर उचलून जागेवर ठेवला. मग तिच्यापाशी बसलो. तीस वर्षं लोकांना सांगतोय, रिसीव्हर नीट ठेवत जा. हाताला सवयच तशी. त्याची मला अजून लाज वाटते.

एमर्ट म्हणाला होता, पडताना हात लागून रिसीव्हर निघाला असेल. तसंच असणार.

सुट्टी असूनही संध्याकाळी एक्स्चेंजवर चक्कर मारली. दहावा उभा होता. पाच पस्तीसला पडला.

शुक्रवार, २ जून

कार्ड बघितलं नाही. ड्रॉवर अडकतो. झाकण उघडून आतले रिलेही बघायला हवेत, पण स्विच चढलेला असताना झाकणाला हात लावला तर कॉल पडेल, आणि पडला की माझी घरी जायची वेळ झालेली असते. सकाळी उघडता येईल, पण सकाळी इतर कामं असतात.

गेलॉर्ड म्हणाला, तू वाळलायस. मी म्हटलं, तुझी कपाटं बघून.

बुधवार, ७ जून

ओपलबाई न सांगता आल्या, पाई न आणता. सरळ हिरव्या ड्रॉवरकडे गेल्या आणि ओढला. कुठे अडकला? लोण्यासारखा उघडला.

"सहा-आठ ना? काढतोस की मी काढू?"

"मला वाचायचं नाही."

"का?"

त्यांनी चष्मा लावला, कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. स्वतः वाचलं नाही, हे मी त्यांचं विसरणार नाही.

माझंच अक्षर. सहा-आठ. स्टकी, सिकॅमोर रस्ता, घर बारा. खाली: 'लाईन बंद, तार काढली, ३ मार्च ७५. व्ही. एस.'

आमचं घर. ती तार मीच काढली. एकोणतीस वर्षांत या चौकटीवर जोडलेली प्रत्येक तार मला आठवते, आणि ही आठवत नव्हती!

ओपलबाई म्हणाल्या, "ती कुणाला करतेय रे फोन?"

"मला," मी म्हटलं. "माझ्या टेबलावर."

"मग उचल की बाबा."

"वाजत नाही ना! वाजत नाही ओपलबाई, काय उचलू?" मी ओरडलोच त्यांच्यावर. मग माफी मागितली. त्यांनी माझा कोट आणून दिला आणि घरापर्यंत सोबत चालत आल्या.

शुक्रवार, ९ जून

गेलॉर्डकडे वेळ मागितला. एक आठवडा फक्त. तो म्हणाला, "वर्लिन, सगळ्या गावाला चिठ्ठ्या गेल्यात. जुन्याचा भंगारवाला सोमवारी येतोय." त्याच्या आवाजात कीव होती. मला त्याची चीड आली.

म्हणजे आता एकच दुपार राहिली, तीही पुरती नाही. दोन वीसला ती करणार. अडीचला मी स्वतःच्या हाताने हे सगळं बंद करणार. दहा मिनिटं. त्यानंतर ती कुठे फोन करेल?

का वाजत नाही? दहाव्या स्विचवर कॉल येतो, नंबर बरोबर लागतो, घंटी जात नाही. गावात कुणाचा असा फॉल्ट असता तर मी पाच मिनिटांत सांगितलं असतं कुठे बघायचं.

खिडकीतली बरणी खाली काढली. पोवळ्या रंगाच्या काड्या मोजल्या. एकोणपन्नास. पुन्हा मोजल्या. ती नेहमी पन्नास करायची.

शनिवार, १० जून

संध्याकाळचे सहा. एक्स्चेंजच्या पायरीवर बसून लिहितोय. आत आता कसलाच आवाज नाही.

सकाळी सातला आलो आणि दहाव्याचं झाकण काढलं. आत घंटीच्या रिलेच्या पट्ट्यांमध्ये काडी. टोक पोवळ्या रंगाचं. रंग अजून ताजा दिसत होता, इतकी वर्षं झाकणाखाली होता ना.

मग सगळं आठवलं. त्या बुधवारी दुपारचे दोन वाजले होते. बर्फाने तारा एकमेकींवर पडल्या होत्या, आणि सगळे स्विच भरलेले, त्यामुळे खोटे कॉल दहाव्यावर येऊन माझा फोन सारखा घणघणत होता. पलीकडे कुणीच नसायचं. मला तिकडे इस्पितळाची लाईन जोडायची होती आणि ती घंटी डोकं फिरवत होती. म्हणून काडी खुपसली. पाच मिनिटांसाठी. पाच मिनिटांसाठी रजिस्टर कोण उघडतो? मग इस्पितळाची लाईन लागली, पाण्याच्या पंपाची पडली, आणि काडी राहिली.

दोन वीसला तिने फोन केला. पहिले नऊ भरलेले होते. दहावा तिला माझ्यापर्यंत घेऊन आला, माझ्यापासून बारा पावलांवर, आणि फोन वाजला नाही. तिने रिसीव्हर ठेवला नाही. ती वाट बघत राहिली. एमर्ट खोटं बोलला, किंवा त्याला माहीत नव्हतं. एका क्षणात नाही. पाच पस्तीसपर्यंत तो स्विच उभा होता, मी घरी जाऊन स्वतःच्या हाताने तिचा फोन ठेवेपर्यंत.

मी जमिनीवर बसलो आणि रडलो. कारखान्याचा एक माणूस दारात येऊन परत गेला.

काडी तेव्हाच काढता आली असती. काढली नाही. वाटलं, ती यायच्या आधी काढली तर येणारच नाही. खुळेपणा आहे, पण मी काही धोका घेणार नव्हतो.

दोन वाजता सगळे जमले. ओपलबाई खरंच हॅट घालून आल्या. नव्या खोलीत कारखान्याची तीन माणसं ओळीने उभी, हातात दोऱ्या. नव्या रिलेंमध्येही लाकडी पाचरी घालून ठेवल्या होत्या, सगळ्या दोऱ्यांना बांधलेल्या, एका झटक्यात निघाव्यात म्हणून. माझ्या हातात जुन्याच्या फ्यूजना बांधलेली दोरी. आधी मी ओढायची, मग त्यांनी. दोरी लांब होती. मी ती माझ्या टेबलापर्यंत आणून ठेवली.

दोन वीस. चार. एक. सात. तीन. दहावा चढला, वळला, थांबला.

मी दोन बोटांनी काडी काढली.

टेबलावरची घंटी वाजली. खणखणीत. पलीकडून गेलॉर्ड ओरडला, "आता कोण तक्रार करतंय?"

मी उचलला. तोंडातून निघालं काय, तर "तक्रार विभाग, स्टकी." तेच. एकोणतीस वर्षांचं.

"वर्ल? कामात आहेस का रे?"

तिचाच आवाज. पण बोलताना मध्ये श्वास नव्हता. मागे केटल शिट्टी मारत होती, एकाच पट्टीत, न थांबता, आणि बाहेर बर्फ तडतडत होता. माझ्या खिडकीबाहेर गहू पिवळा झालेला दिसत होता.

"नाही," मी म्हटलं. "बोल."

"किती वेळ वाजवतेय. कुणी उचलेना."

"उचलला. हा बघ, उचलला."

"छातीत कसंतरी होतंय. उठवत नाहीये. केटल तशीच राहिलीय बघ."

"राहू दे केटल. मी आहे. फोनवरच आहे मी."

"येतोस?"

"येतो गं."

मी रिसीव्हर कानाशी दाबून धरला, किती मिनिटं गेली कळलं नाही. कानाला केटल ऐकू येत होती. मी म्हटलं, आर्डिथ, ऐक. तेव्हा शिट्टी वाजली, गेलॉर्डची, अडीचची. "वर्लिन! ओढ!"

"कोण ओरडतंय?"

"गेलॉर्ड."

"तोच ना, काड्या विसरणारा?"

"काडी मी विसरलो आर्डिथ," मी म्हटलं. "तुझा फोन मला लागला होता. घंटीत काडी होती. माझी. पोवळ्या रंगाची."

केटल वाजतच होती. मला वाटलं, गेली. मग ती म्हणाली, "एकच ना?"

"एकच."

"मग ओरडतोस कशाला." मी ओरडत होतो हे मला कळलंच नव्हतं.

"वर्लिन!" गेलॉर्ड दारात आला होता. "अरे सगळे खोळंबलेत, ओढ ना!" मी दोरी पायाखाली धरली होती. ओढणार नव्हतो. देवाशपथ, भंगारवाला आला असता तरी ओढली नसती. ओपलबाईंनी गेलॉर्डच्या छातीवर हात ठेवून त्याला तिथेच थांबवलं. म्हणाल्या, "त्याला कॉल आहे."

"तुला बोलावतायत वर्ल," ती म्हणाली. "जा. ठेवते मी."

"ठेवू नकोस."

"तू आता मागून येऊन ठेवणार त्यापेक्षा मीच ठेवते ना."

हे तिला कसं माहीत?

मागे दहावा स्विच धाडकन खाली पडला. करणाऱ्यानेच ठेवला होता. कानात काही नव्हतं, लाईन स्वच्छ होती.

दोन तेहतीसला मी दोरी ओढली. सगळ्या खोलीत एकदम शांत झालं. पलीकडे त्यांनी पाचरी ओढल्या. तीन मिनिटं उशीर. गेलॉर्डने अहवालात 'तांत्रिक कारण' लिहिलं, मला काही विचारलं नाही. बरा आहे पोरगा.

रविवार, ११ जून

चर्चनंतर किल्ली घेऊन आत गेलो. रजिस्टर भंगारात जाण्याआधी काढून घेतलं आणि फेब्रुवारी पंचाहत्तरचं पान उघडलं. बाराव्या तारखेखाली जागा होती.

स्विच: दहावा, एकेचाळीसशे. घातली: १२ फेब्रुवारी १९७५, दुपारी २. काढली: १० जून १९७८, दुपारी २.२०. व्ही. स्टकी.

काडी बरणीत टाकली. पन्नास झाल्या.

घरी येताना दुकानातून नवी केटल घेतली. गेलॉर्डच्या घरी थांबून सांगितलं की उद्यापासून माझ्या घरी फोन हवा. तो तोंड उघडं टाकून बघत राहिला. "तुला? कशाला?"

मी म्हटलं, "कुणाला लागला तर."